पात्राला हाक कोण मारणार? घरच्या गेमसाठी नावं ठरवताना

घरच्या घरी गेम करायला घेतला की पात्रांच्या नावांचा विषय बहुतेक वेळा शेवटी निघतो. चित्रं झालेली असतात, नायिका पळते, उडी मारते, आणि संवादाच्या चौकटीत मात्र अजून 'म्हातारा १', 'पाववाला', 'मुलगी' असंच लिहिलेलं असतं. मग कुणीतरी मोबाइलवर बाळांच्या नावांची यादी उघडतं आणि अर्ध्या तासात विवान, आरव, सान्वी अशी वाटणी उरकली जाते. खाडीकाठी बांधाची राखण करणाऱ्या सत्तरीच्या म्हाताऱ्याचं नाव विवान ठेवलं, की खेळणाऱ्याचा त्या म्हाताऱ्यावरचा विश्वास तिथेच उडतो. नेमकं काय खटकलं ते त्याला सांगता येणार नाही, पण खटकेल नक्की.

गोव्यातली गोष्ट घेऊन पहिला गेम करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. गोडो, आरपीजी मेकर, स्क्रॅच, गेम बनवायचं कुठलंही साधन (इंजिन) वापरत असाल तरी चालेल. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: पात्राला गेममध्ये कोण, कुठून आणि कशी हाक मारणार हे आधी ठरवा. हाक ठरली की कागदावरचं नाव ठरवणं सोपं जातं. उलट्या बाजूने गेलात तर सुंदर नावांची यादी तयार होते, पण गाव उभं राहत नाही.

उदाहरणासाठी एक छोटा गेम धरू. तिसवाडी तालुक्यातलं खाडीकाठचं गाव, दिवस पावसाळ्याचे. गावाला खाजन आहे, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली सखल शेतजमीन. बांधात मानस असते. तिची लाकडी दारं भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. एका रात्री खारं पाणी कोरगुट जातीच्या भातात शिरतं. बारा वर्षांच्या मुलीला ते कुठून आलं ते शोधायचं आहे. पात्रं सहा-सात, त्यांना नावं द्यायची आहेत.

पहिली पायरी: नावाआधी माणूस

प्रत्येक पात्रासाठी वहीत चार ओळी लिहा. गाव कुठलं आणि त्यातला वाडा कुठला, वय किती, पोटापाण्याला काय करतो, आणि त्याला कोण काय म्हणून हाक मारतं. नावाची जागा मोकळी सोडा. पहिल्या तीन ओळी बहुतेक जण लिहितात. चौथी राहून जाते, आणि खरं काम तीच करते.

दुसरी पायरी: हाक

आपल्याकडे एका माणसाला एकच नाव पुरत नाही. शाळेच्या दाखल्यावर एक, घरात दुसरं, गावात तिसरं. मानशीची राखण करणारा आपला म्हातारा पंचायतीच्या वहीत पुंडलिक आहे. गावात त्याला पुंडलिक म्हणून कुणी ओळखत नाही, तो बाबलो. मुलं त्याला बाबलोमामा म्हणतात. कोमुनिदादचा, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा, कारकून त्याला नुसतं 'ए' म्हणतो. इतकं लिहिलं की म्हाताऱ्याची गावातली जागा कळते, त्यासाठी वेगळा संवाद लिहावा लागत नाही.

आता यातून कोडंही तयार होतं. मानशीच्या ठेक्याच्या जुन्या कागदावर पुंडलिक असं नाव आहे. गावभर फिरून पुंडलिक कोण असं विचारलं तर सगळे माना हलवतात. बाबलोच्या म्हाताऱ्या बहिणीला विचारलं तरच उलगडा होतो. कुलूप नाही, किल्ली नाही, नुसत्या नावावर एक अख्खा टप्पा उभा राहिला. अशी कोडी गोव्यातल्या माणसाला लगेच पटतात, कारण असं गावात रोज घडतं.

काही माणसांना गावात कामावरूनच हाक पडते. पहाटे सायकलवर भोंपू वाजवत उंडे आणि पोई हे पाव घेऊन येतो तो पोदेर. त्याचं नाव कायतान फर्नांडिस असेल, पण चौकटीत सुरुवातीला 'पोदेर' एवढंच येऊ द्या. रेवतीशी, म्हणजे आपल्या नायिकेशी, त्याची ओळख वाढली की पुढच्या एखाद्या प्रसंगात चौकटीवर 'कायतान' दिसू दे. खेळणाऱ्याला तेवढ्यानेच कळतं की नातं बदललं. भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचंही तसंच. त्याला सगळे 'भाटकारबाब' म्हणतात, त्याचं नाव तोंडावर कुणी घेत नाही. गेम संपेपर्यंत त्याचं नाव सांगितलं नाही तरी माझी हरकत नाही.

आजी शेवंती. शेजारीण बांधावरून ओरडते तेव्हा 'गे शेवंते!' होतं, नातीसाठी ती नुसती आजी. नायिका शाळेत रेवती, घरी रेवू. नायक-नायिकेच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: हाक दोन अक्षरी असावी आणि शेवट स्वराने व्हावा, म्हणजे ती लांबवता येते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला. त्यात बहीण राजी आणि धाकटा भाऊ गोलू. दोन्ही नावं ओरडून हाक मारण्याजोगी आहेत, आणि हरवलेल्या भावाला शोधायची गोष्ट असेल तर नाव तसंच हवं.

ही पायरी खुर्चीत बसून करू नका. अंगणात जा, एकाला माडांच्या पलीकडे उभं करा आणि प्रत्येक नावाने त्याला मोठ्याने हाक मारा. ज्या नावाला तोंड अडखळतं ते चौकटीतही अडखळणार.

तिसरी पायरी: आडनावात गाव असतं, पण जपून

गोव्यातलं '-कर' लागलेलं आडनाव म्हणजे बहुधा गावाचा पत्ता. मांद्रेकर, हरमलकर, माशेलकर, शिरोडकर, मडकईकर, कवळेकर. नवखे लोक इथे एक गोष्ट हमखास विसरतात. ही आडनावं साधारणपणे गाव सोडून गेलेल्यांना चिकटतात. माशेलचा माणूस दुसऱ्या गावात राहायला गेला की तिथे तो माशेलकर होतो. खुद्द माशेलात राहणारे सगळे माशेलकर असायचं कारण नाही. म्हणून तुमचा गेम एखाद्या गावात घडत असेल तर त्या गावाच्या नावाचं आडनाव तिथल्या दहाही घरांना देऊ नका. उलट गावात एकच घर कवळेकरांचं ठेवा. खेळणाऱ्याच्या मनात आपोआप येईल की हे कुटुंब कधीतरी फोंड्याकडून इथे आलं, आणि त्या घराला एक इतिहास मिळेल.

काही आडनावं तालुका सांगतात. राणे म्हटलं की सत्तरी डोळ्यांपुढे येते, वेळीप म्हटलं की काणकोण-केपे-सांगे. चारी म्हटलं की लाकडावर किंवा लोखंडावर चालणारा हात, शेट किंवा रायकर म्हटलं की सोनार. फर्नांडिस, डिसोझा, रॉड्रिग्ज यांवरून मात्र गाव ओळखू येत नाही, ती सगळीकडे आहेत. तिथे घराच्या टोपणनावाने किंवा वाड्याच्या नावाने फरक दाखवा.

कुठल्या तालुक्यात कुठली नावं जास्त शोभतील याचं उत्तर इतिहासात मिळतं. तिसवाडी, बार्देश, सासष्टी हे भाग सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण अठराव्या शतकात गेले. म्हणून पहिल्या भागांत ख्रिस्ती नावं तुलनेने जास्त, दुसऱ्यांत कमी. सासष्टीतल्या गावात सगळीच नावं हिंदू ठेवली किंवा सत्तरीच्या डोंगरात सगळे कायतान आणि पेद्रू ठेवले, तर गोव्याबाहेरच्यांना चालेल, इथल्यांना चालणार नाही. फोंड्यात १५६० ची साफा मशीद आहे. तिच्या आसपासच्या गोष्टीत एकही मुसलमान पात्र नसेल तर चित्र अपुरं राहतं.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. आडनावाला जात चिकटलेली असते. चोर, सावकार, दारुडा यांना आडनाव देताना ती कुणाकडे बोट दाखवते ते तपासा. अशा पात्रांना आडनाव न देणं उत्तम. तसंच दुमिंग म्हणजे दारू आणि जोशी म्हणजे पूजा अशी ठरीव वाटणीही टाळा. पंचायतीची सचिव फिलोमेना असू दे, गावची डॉक्टर शबाना असू दे, बँड वाजवणारा गोविंद असू दे. गोव्यात अशी माणसं आहेत.

चौथी पायरी: नावाला वय असतं

शेवंती, सुभद्रा, पुंडलिक, शाणू ही आजी-आजोबांची पिढी. सुनीता, संगीता, प्रकाश, दिलीप आई-वडिलांची. वेदांत, श्रावणी, सान्वी शाळकरी. ख्रिस्ती घरांतही तसंच आहे. बस्त्यांव, इनास, दुमिंग, कायतान ही संतांची पोर्तुगीज नावं गोव्याच्या तोंडात घोळून झालेली, म्हाताऱ्यांची. त्यांच्या मुलांच्या वयाचे सावियो आणि लिनेट, नातवंडं रायन आणि शॅनन.

नावं गोळा करायची तर संकेतस्थळांवरच्या याद्यांपेक्षा गावातच फिरा. देवळातली देणगीदारांची पाटी, जत्रेतल्या नाटकाचा फलक, दफनभूमीतले क्रूस, शाळेच्या जिन्यावरचे जुने फळे. यांतही सगळ्यात उपयोगी म्हणजे गोव्यातल्या मराठी वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता. एका चौकोनात नाव, वय, गाव आणि मुलासुनांची नावं असतात. तीन पिढ्यांची नावं एकत्र कशी नांदतात ते तिथे दिसतं. मात्र उचलताना नाव एका चौकोनातून घ्या आणि आडनाव दुसऱ्यातून. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. एवढ्या लहान राज्यात त्याच नावाचा, त्याच गावचा, तोच धंदा करणारा माणूस सहज निघतो, आणि दुखावतोही. नाव नक्की झालं की गाव आणि धंदा जोडून इंटरनेटवर एकदा शोधून पाहा आणि त्या भागातल्या ओळखीच्या माणसालाही विचारा.

पाचवी पायरी: शत्रू आणि राखणदार

शत्रूंची नावं वेगळ्या पद्धतीने ठरतात. तिथे घराणं नको, चाल हवी. १९८० च्या पॅक-मॅनमधल्या चार भुतांना जपानीत त्यांच्या वागण्यावरून नावं दिली होती: पाठलाग करणारं, दबा धरणारं, लहरी, आणि वेड पांघरणारं. खेळणारा नाव वाचतो आणि पुढे काय येणार ते त्याला कळतं. आपल्या गेममध्ये बांध पोखरणारे शत्रू म्हणजे कुर्ल्या. खरोखरच कुर्ल्यांच्या बिळांनी बांध कमकुवत होतात. मग एकीला पाठलागी म्हणा, एकीला दबकी, एकीला लहरी. नवख्या खेळाडूला ही नावं समजावून सांगावी लागत नाहीत.

देवांच्या बाबतीत मी कडक आहे. सातेरी, लइराई, रवळनाथ, वेताळ, बोडगेश्वर ही नावं शत्रूला, शस्त्राला किंवा दुकानात विकल्या जाणाऱ्या वस्तूला देऊ नका. लोक त्यांना कौल लावतात, गाऱ्हाणं घालतात. गावाच्या सीमेवरचा राखणदार गोष्टीत हवाच असेल तर त्याला नाव न देता आणा. चौकटीत वर नाव येतं ती जागा रिकामी ठेवा. गावातही रात्री कुणी त्याचा उल्लेख मोकळेपणाने करत नाही, तेव्हा ती रिकामी जागा इथल्या खेळाडूला बरोबर समजेल.

सहावी पायरी: एकमेकांत मिसळणारी नावं

सगळी नावं एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. शांताराम, शाणू, शेवंती, शांती अशी चार 'श' निघाली तर दोन बदला. लहान पडद्यावर लोक पहिलं अक्षर आणि नावाची लांबी एवढंच बघून पुढे जातात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व हेही लहान आकारात फसवतात. ख तर खराब फाँटमध्ये 'रव' दिसतो, खेतलोचा 'रवेतलो' होतो. लांबीही वेगवेगळी असू द्या: रेवू, बाबलो, शेवंती, कायतान. एका नजरेत वेगळी कळली पाहिजेत.

सातवी पायरी: नाव वाक्यात बसवून बघा

इंग्रजी गेममध्ये नाव वाक्यात जसंच्या तसं घालता येतं. मराठीत नावाला प्रत्यय लागतात आणि क्रियापद नावाप्रमाणे फिरतं. रेवती आली, कायतान आला, भाटकारबाब आले. त्यामुळे कोडमध्ये नुसतं नाव साठवून भागत नाही. प्रत्येक पात्रामागे एक छोटा तक्ता करा: दिसणारं नाव, लिंग, एकेरी की आदरार्थी, प्रत्ययापूर्वीचं रूप, आणि हाकेचं रूप. शेवंतीचं हाकेचं रूप शेवंते. बाबलोचं हाकेचं रूप बाबल्या, पण निवेदनात मी बाबलोला, बाबलोने असंच ठेवतो. दुसरं काही आवडत असेल तर तेही चालेल, फक्त सगळीकडे एकच ठेवा.

गावांच्या नावांत ही गडबड जास्त होते. पणजीला, मडगावला इथपर्यंत ठीक. पण फोंडा असेल तर फोंड्याला, म्हापसा असेल तर म्हापशाला, पेडणे असेल तर पेडण्याला, सांगे असेल तर सांग्याला. संगणक 'म्हापसाला' लिहून मोकळा होतो. म्हणून गावाच्या नोंदीत 'म्हापशा' हे रूप वेगळं साठवाच.

नायकाचं नाव खेळणाऱ्यालाच लिहू देणार असाल तर लिंग विचारणं टाळता येतं, फक्त वाक्यं तशी रचायची. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं: 'रेवतीने किल्ली उचलली', 'गोविंदने किल्ली उचलली'. नाव कुठलंही असो, वाक्य तेच. बाकीची वाक्यं वळवून घ्या. 'घरी पोचला' ऐवजी 'घर गाठलं', 'दमला' ऐवजी 'दम लागला', 'हरला' ऐवजी 'हार झाली'. थोड्या सरावाने हे हाताला बसतं, आणि मराठी कुठेही कृत्रिम होत नाही.

कोडमध्ये पात्राची ओळख म्हणून नाव वापरू नका, त्यासाठी वेगळी खूण ठेवा. नाव बदलायची वेळ येतेच, आणि तेव्हा सगळ्या संवादांत शोधून बदलायला गेलात तर भलतंच होतं. 'कळी' या पात्राचं नाव 'शेवंती' करताना संवादातल्या 'मोकळी' चं 'मोशेवंती' होऊन बसतं.

आठवी पायरी: फाँट आणि अक्षरांची मोजणी

देवनागरी जोडून दाखवण्याची सोय प्रत्येक इंजिनात सारखी नाही. गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून जोडाक्षरं नीट येतात, तिसऱ्यात येत नव्हती. युनिटी या दुसऱ्या इंजिनात मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेश प्रोमध्ये अजून वेगळी खटपट करावी लागते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायच्या ऐवजी उजवीकडे गेलेली दिसली, किंवा जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेली अक्षरं सुटी दिसली, की समजा सोय नाही. तपासायला हे वाक्य टाका: 'म्हार्दोळची मुक्ता, कुंकळ्ळीचा कृष्णा, ब्रह्मकरमळीची सिंधू.' हे नीट उमटलं तर तुमची बहुतेक नावं नीट उमटतील. 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हे विनामूल्य फाँट सुरुवातीला पुरेसे आहेत. संवादाच्या चौकटीत ओळीच्या वर आणि खाली जागा सोडा, नाहीतर मात्रा आणि उकार छाटले जातात.

मोजणीचंही बघा. १९८७ च्या पहिल्या फायनल फँटसीत पात्राच्या नावाला चारच अक्षरांची जागा होती. आता इतकी टंचाई नाही, पण नाव लिहायच्या रकान्याला मर्यादा असतेच, आणि संगणक अक्षरं आपल्यासारखी मोजत नाही. 'शेवंती' आपल्याला तीन अक्षरं, संगणकाला सहा, कारण तो मात्रा, अनुस्वार, वेलांटी वेगळी मोजतो. 'फर्नांडिस' आपल्याला चार, त्याला नऊ. मर्यादा आठ ठेवली तर फर्नांडिस बसणारच नाही. मी निदान सोळा ठेवायला सांगेन. संवाद एकेक अक्षर करून उमटवत असाल तर तिथेही बघा, नाहीतर आधी 'श' येतो आणि मात्रा मागून येऊन बसते, ते डोळ्यांना टोचतं.

नववी पायरी: दुसऱ्याला खेळायला द्या

गेममध्ये ज्याचा हात नाही अशा कुणालातरी, शक्यतो एका शाळकरी मुलाला आणि एका आजीला, तो खेळू द्या. दुसऱ्या दिवशी पात्रांची नावं विचारा. त्यांना 'तो पाववाला' आठवला आणि कायतान आठवला नाही, तर कायतान हे नाव चुकलेलं नाही, ते चौकटीत फार उशिरा किंवा फार कमी वेळा आलं आहे. दोन पात्रांची अदलाबदल झाली तर सहाव्या पायरीवर परत जा. आजी एखादं नाव ऐकून 'असं नाव आमच्याकडे नाही हो' म्हणाली तर तिच्याशी वाद घालू नका. मग कुठलं असतं, ते विचारा आणि लिहून घ्या.

संवादांना आवाज देणार असाल तर नावं ध्वनिमुद्रणाच्या आधी पक्की करा. लिहिलेलं नाव एका ओळीत बदलता येतं, पण शेजारच्या काकींनी एकदा मनापासून मारलेली 'गे शेवंते!' ही हाक दुसऱ्या नावाने परत तशी मिळत नाही.